हात उगारून थांबलेला यती : एका रोलर कोस्टरच्या देखाव्याचं म्हातारपण

फ्लोरिडात ओरलँडोजवळ डिस्नेचं अ‍ॅनिमल किंगडम नावाचं पार्क आहे आणि त्या पार्कात एक खोटा हिमालय आहे. त्या हिमालयाच्या पोटात, गाडीच्या शेवटच्या टप्प्यावर, २५ फूट उंचीचा यती उभा आहे. ७ एप्रिल २००६ रोजी ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ ही राइड रीतसर सुरू झाली तेव्हा हा यती सगळं अंग पुढे झोकून खालून जाणाऱ्या गाडीवर हात मारायचा. काही महिन्यांतच त्याची ती झेप बंद करावी लागली. तेव्हापासून तो हात उगारून तसाच उभा आहे. गाडी मात्र रोज धावते, वेळेवर धावते आणि माणसांना सुखरूप परत आणते.

एकाच डोंगरातलं एक यंत्र ठणठणीत आणि दुसरं निपचित, हे कसं झालं? मी कारखान्यातल्या मशीनच्या देखभालीत नोकरी केलेला माणूस. त्याच्या जोडीने पुण्यातल्या एका गणेश मंडळाच्या हलत्या देखाव्यांचं यंत्रकाम बरीच वर्षं केलं. त्यामुळे या यतीकडे मला गंमत म्हणून बघता येत नाही. ज्यांनी तो केला त्यांनी जीव ओतून केला होता, आणि तो ज्या कारणाने थांबला ते कारण राइड बांधणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

डोंगर आणि त्याची गोष्ट

राइडची गोष्ट अशी. आनंदपूर नावाच्या काल्पनिक राज्यात ‘रॉयल आनंदपूर टी कंपनी’ची चहा वाहून नेणारी एक जुनी रेल्वे होती. डोंगरात काहीतरी अघटित घडत राहिलं आणि कंपनीने रेल्वे सोडून दिली. पुढे ‘सेरका झोंग’ या डोंगरगावातल्या दोघांनी तीच गाडी पुन्हा चालू करून गिर्यारोहकांना एव्हरेस्टच्या पायथ्याशी नेण्याचा धंदा काढला. वाटेत जो डोंगर लागतो तो निषिद्ध आहे आणि यती त्याचा राखणदार आहे. प्रवासी रांगेत उभे राहतात तेही बुकिंगच्या कचेरीतून, यतीच्या देवळाशेजारून, दुकानातून आणि यतीच्या छोट्या संग्रहालयातून पुढे सरकत. म्हणजे गाडीत बसेपर्यंत ‘यती आहे’ हे तुमच्या मनावर शंभर ठिकाणी ठसवलेलं असतं.

मग गाडी चढते, डोंगरात शिरते आणि एकदम थांबते, कारण पुढचा रूळ उपटून वाकवलेला दिसतो. तिथून ती उलटी निघते, अंधारात मागे मागे जाते. पुन्हा थांबते तेव्हा समोरच्या भिंतीवर रूळ उपटणाऱ्या यतीची सावली पडते. मग गाडी पुढच्या दिशेने सुटते, ८० फुटांची उतरण, ताशी जवळपास ८० किलोमीटरचा वेग आणि शेवटी गुहेत तो स्वतः. सगळी मांडणी या शेवटच्या दोन सेकंदांसाठी आहे. कीर्तनात पूर्वरंग तासभर रंगवायचा आणि आख्यानात मुख्य पात्र आलंच नाही, तर ऐकणाऱ्याला जसं वाटेल तसं इथे होतं.

डोंगराची उंची १९९.५ फूट. अमेरिकेत २०० फुटांच्या वरच्या बांधकामावर विमानांसाठी लाल दिवा लावावा लागतो आणि या हिमालयाच्या माथ्यावर लाल दिवा लुकलुकला तर सगळा भास संपला. म्हणून अर्धा फूट खाली थांबले. इतकी बारीक काळजी घेणारी ही माणसं होती. डिस्नेचे जो रोडी हे या कामाचे प्रमुख कल्पक. त्यांच्या चमूने नेपाळात फिरून घरांची ठेवण, रंग, कोरीव काम, देवळांची मांडणी बघितली होती. आशियात हाताने घडवलेल्या दोन हजारांहून जास्त वस्तू गावात आणि रांगेत मांडल्या. डोंगरासाठी १,८०० टन पोलाद लागलं, रंगासाठी सुमारे २,००० गॅलन, म्हणजे साडेसात हजार लिटर रंग. राइडचा ट्रॅक आणि गाड्या नेदरलँड्सच्या वेकोमा कंपनीच्या. एकूण खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात गेल्याचं तेव्हा छापून आलं होतं आणि जगातला सर्वांत महागडा रोलर कोस्टर म्हणून त्याची नोंद झाली.

आता या प्रकरणातली कळीची गोष्ट. बाहेरून एक डोंगर दिसतो, पण आत तीन वेगळे सांगाडे आहेत. एक डोंगराचा, एक ट्रॅकचा आणि एक यतीचा. तिन्ही एकमेकांत गुंतलेले, पण एकमेकांना न टेकणारे. हे अगदी बरोबर होतं. गाडीचे हादरे डोंगराच्या प्लास्टरला पोचले तर ते तडकेल, आणि यतीचा धक्का ट्रॅकला पोचला तर त्याहून वाईट. म्हणून तिघांचे पाय वेगळे. पण तीन सांगाडे एकमेकांत विणून एकदा वरून प्लास्टरचा डोंगर चढवला, की मधल्या सांगाड्यापर्यंत माणूस पोचेल, क्रेन पोचणार नाही.

नऊ टनांची झेप

यती म्हणजे बाहुला नव्हे, ते एक अवजड यंत्र आहे. वजन सुमारे ९ टन. अंगावर हजार चौरस फुटांचं कातडं, ते जागच्या जागी ठेवायला हजार टिचबटणं आणि अडीचशे चेनी. अंग हलवायला तेलाच्या दाबावर चालणारे १९ दट्टे. पुढे-मागे पाच फूट आणि वर-खाली दीड फूट जायची ताकद. या सगळ्या दट्ट्यांचा एकत्र जोर जंबो जेट विमानाच्या चारही इंजिनांच्या जोराहून जास्त आहे असं डिस्नेने तेव्हा अभिमानाने सांगितलं होतं.

तो अभिमान खरा होता, पण देखभालीच्या माणसाला हे वाक्य वेगळं ऐकू येतं. जोर लावला की तो कुठेतरी उतरावा लागतो. नऊ टनांचं धूड पाच फूट पुढे फेकायचं आणि तिथेच अडवायचं, तर त्याचा उलटा धक्का खालच्या मनोऱ्यातून पायापर्यंत जातो. एकदा गेला तर काही नाही. पण गाडी दर मिनिटाला एक येते असं धरलं आणि पार्क रोज दहा तास चालतं असं धरलं, तर दिवसाला ६०० धक्के होतात, वर्षाला दोन लाखांच्या वर. तार हाताने एकदा वाकवली तर तुटत नाही, तीच शंभरदा इकडेतिकडे केली की तुटते. पोलादाचंही तसंच. वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर पडते, दर धक्क्याला कणभर सरकते आणि एक दिवस डोळ्यांना दिसू लागते. काँक्रीटमध्ये रोवलेला बोल्ट दर धक्क्याला सूतभर हलला, तर त्याच्याभोवतीचं काँक्रीट पिठासारखं सुटत जातं. मग हालचाल वाढते, धक्का वाढतो, आणि झीज आणखी वेगाने होते.

यतीच्या बाबतीत त्याच्या आधाराच्या सांगाड्यातच बिघाड झाला. त्याला पूर्ण ताकदीने झेप घ्यायला लावणं धोक्याचं ठरेल इतपत. राइड सुरू झाल्यावर काही महिन्यांतच पूर्ण हालचाल बंद करून पर्यायी व्यवस्था लावली. डिस्नेच्या भाषेत पहिली अवस्था ‘ए मोड’ आणि दुसरी ‘बी मोड’. बी मोडमध्ये यती जागेवर स्थिर आणि त्याच्यावर झपझप उघडमीट करणारा प्रखर दिवा. उघडमीट करणाऱ्या प्रकाशात धावत्या गाडीतून बघितलं की स्थिर वस्तूही झटके देत हलल्यासारखी वाटते. नाटकात वादळाच्या प्रसंगाला आपण हेच करतो. राइडच्या चाहत्यांनी त्याला ‘डिस्को यती’ असं नाव पाडलं आणि ते चिकटलं.

मी इथे एक गोष्ट ठामपणे सांगेन. झेप बंद करण्याचा निर्णय शंभर टक्के योग्य होता. नऊ टनांच्या यंत्राखालून माणसं जातात. त्या यंत्राच्या पायाबद्दल शंका आली की दुसरा विचार करायचाच नाही. ज्याने तो खटका बंद केला त्याचं कौतुकच व्हायला हवं. प्रश्न त्याच्या नंतरचा आहे. तात्पुरती सोय कायमची कशी झाली?

मागचा पडदा

इथे मला आमच्या मंडळाचा एक प्रसंग सांगावासा वाटतो. एका वर्षी आम्ही दहातोंडी रावण केला होता. हात वर-खाली, डोकी डावी-उजवीकडे. हातांना ट्रकच्या वायपरच्या मोटरी, डोक्यांना एक गिअरमोटर आणि सायकलची चेन. चौथ्या दिवशी संध्याकाळी, रस्ता माणसांनी फुललेला असताना, उजवा हात अर्ध्यात अडकला. आमच्यातल्या एकाने मागचा पडदा उचलला, आत वाकून शिरला आणि सात मिनिटांत जोडणीची निसटलेली पिन बसवून बाहेर आला. पुढे उभ्या असलेल्या लोकांना कळलंही नाही.

तो मागचा पडदा आपोआप राहिलेला नव्हता. मंडळाचे एक जुने कार्यकर्ते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, देखावा उभा राहताना दर वर्षी एकच प्रश्न विचारायचे, “अरे, पण हात कुठून घालणार?” आम्ही तरुण होतो, आम्हाला पुढून काय दिसतं त्यातच रस. मागच्या बाजूने एक माणूस मावेल एवढी जागा सोडायची म्हणजे देखावा दोन फूट पुढे येणार, मांडवात दाटी होणार, म्हणून आम्ही कुरकुरायचो. अण्णा ऐकायचे नाहीत.

आमचा देखावा दहा दिवसांचा. अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं की मोटरी काढून कपाटात. ओरलँडोचा यती वर्षाचे सगळे दिवस चालणार म्हणून केलेला. त्याच्या हातापायांच्या दट्ट्यांपर्यंत, कातड्याच्या टिचबटणांपर्यंत माणूस पोचतो, ती सोय त्यांनी केलेली आहे. पण ज्या गोष्टीला बिघाड झाला ती त्याच्या पायाखाली आहे. एका उंच मनोऱ्यावर बसवलेलं अवाढव्य यंत्र, तेही बांधून पूर्ण झालेल्या इमारतीच्या आत, म्हणून दुरुस्ती अवघड आहे, असं खुद्द जो रोडी यांनी २०१३ साली डिस्नेच्या चाहत्यांच्या मेळाव्यात सांगितलं. एक ना एक दिवस यती दुरुस्त करीनच, असा शब्दही त्यांनी त्या सभेत दिला होता.

दट्टा बदलायला झडप हवी आणि पाया बदलायला दरवाजा हवा. झडप ठेवली होती, दरवाजा नव्हता. डिझाइन करणाऱ्याच्या मनात हे कसं घडतं ते मी समजू शकतो. हलणारे भाग झिजणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, म्हणून तिथे वाट ठेवली जाते. जो भाग हलत नाही तो कायमचा आहे असं आपण धरून चालतो. मशीनच्या फाउंडेशनकडे वीस-वीस वर्षं कोणी वाकून बघत नाही, हे मी स्वतः कारखान्यात बघितलेलं आहे.

ट्रॅकचं म्हातारपण वेगळं असतं

रोलर कोस्टरचं यंत्र म्हातारं होतं ते उघडपणे, आणि त्याची काळजी घेणारी एक पूर्ण शिस्त तयार झालेली आहे. चाकांवर पॉलियुरेथेनचा थर असतो, तो उन्हाने आणि घर्षणाने झिजतो, सोलवटतो, म्हणून चाकं ठरावीक फेऱ्यांनंतर उतरवतात. एका डब्याला फक्त वरून चालणारी चाकं नसतात, रुळाच्या बाजूने आणि खालूनही रूळ धरून ठेवणारी चाकं असतात. तिन्हींची झीज वेगळी आणि मोजणीही वेगळी. चढणीवरची साखळी ताणली जाते. गाडी मागे घसरू नये म्हणून असलेले अडसर, ज्यांचा टकटक आवाज चढताना ऐकू येतो, ते बोथट होतात. ठरावीक काळाने डबे सुटे सुटे करून धुरे आणि वेल्डिंग तपासतात. चिरेत रंग झिरपवून, चुंबकीय भुकटी टाकून किंवा ध्वनिलहरींनी. माझ्या नोकरीत लाल रंगाची ती झिरप-तपासणी मी असंख्य वेळा केली आहे. पांढऱ्या भुकटीवर लाल रेघ उमटली की पोटात गोळा येतो.

एक्स्पिडिशन एव्हरेस्टमध्ये याच्या भरीला रूळ बदलणारी यंत्रणा आहे. गाडी थांबली की मागचा रूळ फिरून दुसरा जोडला जातो. प्रत्येक गाडीमागे हे होतं, आणि ते चुकलं तर गाडी सुटतच नाही. त्यामुळे या भागाकडे रात्रंदिवस लक्ष असतं.

एवढं करूनही निसटतं. नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाच्या सीमेवरच्या कॅरोविंड्स पार्कमध्ये ‘फ्युरी ३२५’ नावाचा, ३२५ फूट उंचीचा कोस्टर आहे. तो सुरू झाला २०१५ साली. ३० जून २०२३ रोजी तिथे आलेल्या एका पाहुण्याच्या लक्षात आलं की एका खांबाला आरपार तडा गेला आहे आणि गाडी वळताना खांब वरून सुटा होऊन हलतो आहे. त्याने चित्रण केलं, पार्कने राइड बंद केली, खांब बदलला आणि तपासणी करून ऑगस्टमध्ये राइड पुन्हा सुरू केली. आठ वर्षांच्या कोस्टरमध्ये हे घडलं. पण बघा, तडा दिसल्यापासून नवा खांब उभा राहून राइड सुरू होईपर्यंत सहा आठवडेही लागले नाहीत. कारण तो खांब उघड्यावर होता, क्रेन थेट पोचत होती, आणि तो बदलल्याशिवाय एकही गाडी सोडता येणार नव्हती.

ट्रॅक फारच थकला तर सरळ सगळाच बदलतात. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधला स्पेस माउंटन हा कोस्टर २००३ ते २००५ या काळात बंद ठेवून आतला ट्रॅक मुळापासून नवा घातला. बाहेरचा पांढरा घुमट तोच राहिला.

म्हणजे सुरक्षिततेच्या भागाला वाली आहे. उत्पादकाची पुस्तिका, तपासणीचे मानक, विमा, कायदा. फ्लोरिडात हजाराहून जास्त पूर्णवेळ कर्मचारी आणि स्वतःचे तपासनीस असलेल्या मोठ्या पार्कांना राज्याच्या नेहमीच्या तपासणीतून सूट आहे, पण ती पार्कं स्वतःची कडक तपासणी ठेवतात आणि गंभीर दुखापतींची माहिती राज्याला देतात. देखाव्याला असा वाली कोणी नाही. यती हलला नाही म्हणून कुठलाही तपासनीस राइडला टाळं लावत नाही. सकाळी राइड उघडण्यापूर्वीच्या तपासणीत ‘ब्रेक चालतात का’ याचं उत्तर ‘नाही’ आलं तर सगळं थांबतं, आणि ‘यती हलतो का’ याचं उत्तर ‘नाही’ आलं तर दिवसभर गाड्या धावतात. याच फटीतून देखावे मरतात. धुक्याचं यंत्र, धबधबा, एखादा आवाज, एखादा दिवा. आधी एक बंद पडतो, मग त्याच्या बंद असण्याची सवय होते, आणि नवीन आलेल्या कामगाराला तिथे कधी काही होतं हेही माहीत नसतं.

मुद्दाम केलेलं जुनेपण

या राइडमध्ये म्हातारपणाचा आणखी एक पदर आहे आणि मला तो यतीइतकाच महत्त्वाचा वाटतो. सेरका झोंग पहिल्या दिवसापासून जुनं होतं. भिंतींचे रंग विटवलेले, लाकूड तडकवलेलं, पत्र्यांवर गंजाचे ओघळ रंगवलेले, रांगेतल्या वस्तूंवर वापराच्या खुणा. उन्हाने फिक्या झालेल्या पताका. हे सगळं रंगाऱ्यांनी आणि कारागिरांनी ठरवून केलेलं काम आहे, आणि ते अतिशय अवघड असतं. रंगवलेला गंज नेमका तिथेच लागतो जिथे पाणी खरोखर ओघळलं असतं. दाराची कड तिथेच झिजलेली हवी जिथे हात लागतो.

मग फ्लोरिडाचं हवामान कामाला लागतं. कडक ऊन, उन्हाळ्यात दुपारी हमखास कोसळणारा पाऊस, वर्षातला बराच काळ दमट हवा. हिमालयातली कोरडी थंडी जसं जुनं करते तसं हे हवामान करत नाही. हिमालयात लाकूड राखाडी होतं, उलतं. दमट हवेत ते कुजतं, काळं पडतं, त्याच्यावर शेवाळ धरतं. कोकणातल्या घराची भिंत आणि देशावरच्या घराची भिंत सारख्या वयाची असली तरी सारखी म्हातारी होत नाही, हे आपल्याला सांगावं लागत नाही. तर हिमालयातलं जुनेपण रंगवलेल्या गावावर फ्लोरिडाचं खरं जुनेपण चढायला लागलं की दोन म्हातारपणं एकमेकांशी भांडतात. पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण गाव खोटं वाटू लागतं.

देखभाल करणाऱ्याची पंचाईत तर विचारू नका. समोर गंजाचा ओघळ दिसतो आहे. तो रंगवलेला की खरा? रंगवलेला असेल तर जपायचा, खरा असेल तर खरवडून काढायचा, आणि खरवडून काढल्यावर त्याच जागी पुन्हा खोटा रंगवायचा की नाही हे ठरवायचं. नवीन फळी बसवली तर ती शेजारच्या फळीच्या वयाची करून बसवावी लागते. यासाठी सुरुवातीच्या दिवसातले फोटो, रंगांचे नमुने आणि तो रंग कुठल्या हाताने मारला होता याची आठवण लागते. फोटो राहतात. रंगारी निवृत्त झाला की हात जातो.

डोंगराचंही हेच आहे. असा खडक म्हणजे वाकवलेल्या सळयांचे पिंजरे, त्यांवर जाळी, त्यांवर फवारलेलं सिमेंटचं मिश्रण, ते ओलं असताना कोरलेल्या कपारी आणि वरून रंगाचे हात. सिमेंटच्या बारीक भेगांतून पाणी आत गेलं की सळई गंजते. गंजलेली सळई फुगते, आणि वरचा पापुद्रा ढकलून पाडते. आपल्याकडे जुन्या इमारतींच्या गच्चीखाली सळया उघड्या पडलेल्या असतात ते याच कारणाने. फरक एवढाच की इथे तो पापुद्रा पन्नास-शंभर फुटांवरून पडू शकतो आणि खाली माणसं असतात. म्हणून खडकाची डागडुजी वेळच्या वेळी होते. माझ्या मते हा या डोंगरातला एकमेव देखावा आहे ज्याला सुरक्षिततेचं कवच मिळालं आणि म्हणूनच तो टिकला.

दुरुस्ती का लांबत गेली

पैसा हे कारण सगळेच सांगतात, आणि ते खरंही असेल. पण तेवढंच नाही. यतीच्या पायाचं काम करायचं तर राइड बराच काळ बंद ठेवावी लागणार, डोंगराची एक बाजू फोडावी लागणार. ज्या पार्कात मोठ्या राइड मोजक्याच आहेत तिथे एवढी गर्दी खेचणारी राइड वर्षभर बंद ठेवायचा निर्णय कोण घेणार? २०१७ साली त्याच पार्कात पँडोरा हा नवा भाग उघडला, तोवर तर एव्हरेस्टवरचा भार फारच होता.

आणि आणखी एक कारण आहे, ते मला सर्वांत जास्त बोचतं. गाडी गुहेतून जाते ती वेगात. पहिल्यांदा आलेल्या माणसाला उघडमीट होणाऱ्या प्रकाशात काहीतरी प्रचंड केसाळ दिसतं, तो ओरडतो आणि गाडी बाहेर पडते. तो खूश होऊन उतरतो. रांग तेवढीच लांब राहते. म्हणजे राइड इतकी चांगली बांधली होती की तिचा मुख्य अवयव निकामी झाला तरी ती चालून गेली. ट्रॅकच्या आणि गोष्टीच्या कारागिरांनी केलेल्या उत्तम कामाने यतीच्या कारागिरांचं काम झाकून टाकलं.

याच्या शेजारी कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधला मॅटरहॉर्न ठेवून बघा. तो १४ जून १९५९ ला सुरू झाला. नळीच्या पोलादी रुळावर धावणारा जगातला पहिला कोस्टर. त्याच्या डोंगराचं पोट सुरुवातीची बरीच वर्षं जवळपास पोकळच होतं. १९७८ साली आत बर्फाच्या गुहा केल्या आणि हिममानव बसवले. ते आकाराने लहान, हालचाल साधी. २०१५ साली डिस्नेलँडच्या साठाव्या वर्षी जुने काढून नवे, जास्त चांगले बसवले. मॅटरहॉर्नचा हिममानव एव्हरेस्टच्या यतीपुढे काहीच नाही, पण तो बदलता येतो. त्याच्याखाली पाया म्हणून काही अवाढव्य नाही, धक्का म्हणून काही मोठं नाही. छप्पन्न वर्षांच्या डोंगराला नवं पात्र मिळालं, आणि नव्या डोंगरातलं पात्र काही महिन्यांत अडकलं.

जो रोडी २०२१ च्या सुरुवातीला डिस्नेतून निवृत्त झाले. २०२२ च्या जानेवारीपासून एक्स्पिडिशन एव्हरेस्ट काही महिने देखभालीसाठी बंद होतं. काम झालं, राइड पुन्हा सुरू झाली, यती तसाच होता.

माझ्या मते त्या जुन्या यंत्राला पुन्हा झेप घ्यायला लावू नये. तेलाच्या दाबावरच्या या बाहुल्यांचा काळ सरत आला आहे. त्याच पार्कातल्या नावी रिव्हर जर्नी या राइडमधली गाणारी स्त्री विजेच्या मोटरींवर चालते, तिची हालचाल पाण्यासारखी मऊ आहे, तिला दाबाखालच्या तेलाच्या नळ्या नाहीत. यतीसाठी नवा हलका सांगाडा, विजेच्या मोटरी, आणि पाच फुटांची झेप सोडून खांदा, मान आणि एका हाताचा वेगवान फटका, एवढं ठेवलं तर खालच्या मनोऱ्यावर जुन्याच्या मानाने फारच थोडा भार येईल. प्रकाश आणि आवाज जोडीला आहेतच. जुनं धूड जागेवर तुकडे करून, गाडीच्याच वाटेने, रात्रपाळीत बाहेर काढता येईल. काम लांबेल, पण दिवसा गाड्या चालू राहतील. आणि नवीन सांगाडा आत उतरवण्याआधी, त्याच्या पायाच्या चारही बोल्टांपर्यंत एक माणूस पाना घेऊन उभा राहू शकेल एवढी वाट पहिल्याच नकाशात आखावी.